एक साखळी

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे अशांची नावं काढायला बसलो, तर त्यातल्या बऱ्याच जणांना मी कधी पाहिलेलंच नाही. एक कोलंबियातले, बोगोटाचे. एक फिलाडेल्फियातल्या कुलपांच्या कारखान्यात काम करणारे. एक लखनौचे. जिला पाहिलं, जिच्याशी बोललो, ती लातूरकडची एक मुलगी. तेव्हा ती मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात न्यूरोसर्जरी शिकणारी निवासी डॉक्टर होती. तिने माझ्या वडिलांना चालताना पाहिलं. पुढचं सगळं त्या पाहण्यातून निघालं, म्हणून ते नीट लिहून ठेवायचं आहे.

दादा, म्हणजे माझे वडील, मोजणी खात्यात भूकरमापक होते. माण-खटावच्या उघड्या माळांवर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. पुढे साखळी ओढणारा माणूस, मागे बांधावरून हातघाईवर आलेले दोन चुलतभाऊ, आणि मध्ये टिपण हातात घेतलेले दादा. साखळी तेहतीस फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे गुंठा. हद्दीचा जुना दगड मातीत गाडला गेला असेल तर दादा आधी पावलांनी अंतर काढत, एका जागी थांबत आणि म्हणत, "इथं मारा कुदळ." मग साखळी लावून खात्री करून घेत. ते पाऊल इतकं सारखं पडायचं की आम्ही भावंडं त्यांच्या मागून धावत असू.

बहात्तरी गाठली आणि ते पाऊल बिघडलं. पाय उचलला जाईना. ते फरशीवरून घासत चालू लागले. दोन पायांत अंतर ठेवून, बुटकी बुटकी पावलं टाकत. उंबऱ्याशी आले की थबकायचे, जसा काही पाय कुणी धरून ठेवला आहे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. मणक्याची झीज निघाली, गुडघ्यांचीही निघाली. पट्टा आला, व्यायाम आले. मग लघवी आवरेना. त्यासाठी वेगळे डॉक्टर, सोनोग्राफी, प्रोस्टेट वाढलेलं, गोळ्या. मग बोलणं मंदावलं. काही विचारलं की उत्तर यायचं, बरोबरही असायचं, पण फार उशिरा. पेपर हातात धरून एकाच पानावर तासभर बसायचे. एका फिजिशियननी पार्किन्सनची शंका घेतली, गोळ्या चालू केल्या. महिनोनमहिने घेऊनही काडीचा फरक पडला नाही. शेवटी सगळं वयाच्या खात्यावर जमा झालं.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बहात्तराव्या वर्षी कुणाचाही एक्स-रे काढा, झीज दिसणारच. पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी त्या वयात बहुधा वाढलेली असतेच. ज्याने जे तपासलं ते त्याला सापडलं. आईच्या कापडी पिशवीत तीन फायली होत्या, आणि पिशवी एकच असली तरी त्या तिन्ही एका टेबलावर एका वेळी कुणासमोर उघडल्या गेल्या नव्हत्या.

ते घडलं दादा न्हाणीघरात पडले म्हणून. मुंबईला माझ्याकडे आले होते. डोक्याला खोक पडली, टाके घातले, आत रक्तस्राव नाही ना हे बघायला सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. रिपोर्टात मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसतात, वयोमानाने मेंदू आकसला असावा, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. त्या निवासी डॉक्टर आम्हाला घरी जायला हरकत नाही एवढं सांगायला आल्या होत्या. त्या केसपेपरवर लिहीत असताना दादा आईचा हात धरून संडासाकडे निघाले. त्यांनी लिहायचं थांबवलं आणि बघत राहिल्या.

"काका, जरा परत या बघू. हां. आता तिथंच वळा."

दादा वळायला लागले. एका जागी गोल फिरायला त्यांना कितीतरी पावलं लागली.

"हात सोडा काकूंचा. मी आहे शेजारी. चाला."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पार्किन्सनमध्ये हातसुद्धा हलायचे थांबतात बहुतेकदा. काकांचे हात बघा, छान हलतायत. अडचण फक्त कमरेखाली आहे." आणि आईला त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "काकू, लघवीचं काय? कपड्यात होते का?"

आई काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "दीड वर्ष झालं. सुनेला कळू दिलं नाही. पहाटे उठून धुते."

हे मलाही माहीत नव्हतं. तीन फायलींतलं एक वाक्य आईकडे होतं आणि ते विचारल्याशिवाय बाहेर येणार नव्हतं. विसरण्याबद्दल त्यांनी विचारलं, आणि मग भिंतीवरच्या दिव्यावर सीटीची फिल्म पुन्हा चढवली. मेंदू वयाने आकसला तर त्याच्या वरच्या भागातल्या घड्याही सैल, रुंद व्हायला हव्यात. इथं डोक्याच्या माथ्याकडे घड्या उलट दाटून बसल्या होत्या आणि आतल्या पोकळ्या फुगल्या होत्या. मेंदू कमी झालेला नव्हता, आतून बाहेर दाबला जात होता. त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मलाही ते दिसलं.

चाल, लघवी, बुद्धीचा मंदपणा. ही तीन लक्षणं एकत्र आणणाऱ्या आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात. डोक्यात पाणी होणं हे आपण लहान मुलांच्या बाबतीत ऐकलेलं असतं. म्हाताऱ्या माणसातही ते होतं, आणि गंमत नव्हे, संकट असं की पाण्याचा दाब मोजला तर तो साधारण निघतो. म्हणूनच ते निसटतं.

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. दिवसाला साधारण अर्धा लिटर. कुठल्याही क्षणी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून असतं ते जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनदा तरी ते बदलतं. तयार होण्याचा आणि शोषलं जाण्याचा हा मेळ बिघडला की पोकळ्या हळूहळू फुगतात. पायांना आणि मूत्राशयाला हुकूम पोचवणारे तंतू त्या पोकळ्यांच्या जवळून जातात. ते ताणले जातात.

हे प्रथम ज्यांनी ओळखलं ते बोगोटाचे. डॉ. सालोमोन हाकीम. जन्म कोलंबियातल्या बारांकिया शहरातला, १९२२ चा, घराणं मुळात लेबनॉनचं. बॉस्टनमध्ये न्यूरोसर्जरी शिकले, मग तिथेच मृत रुग्णांचे मेंदू तपासण्याचं काम केलं. बुद्धिभ्रंशाने गेलेल्या काही जणांच्या मेंदूत त्यांना मोठ्या पोकळ्या दिसल्या, आणि त्यांच्याभोवतीचा मेंदू मात्र बराचसा शाबूत. हे कोडं घेऊन ते मायदेशी परतले. १९५७ मध्ये त्यांच्याकडे मोटार अपघातातला सोळा वर्षांचा मुलगा आला. डोक्यात साकळलेलं रक्त काढूनही तो शुद्धीवर येईना. पोकळ्या मोठ्या, दाब साधारण. तपासणीसाठी म्हणून त्याच्या कमरेतून पंधरा मिलिलिटर पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी मुलगा बोलला. पुन्हा काढलं, पुन्हा सुधारला. मग पाणी कायमचं वळवायची शस्त्रक्रिया केली आणि तो बरा झाला.

इतक्या थोड्या पाण्याने एवढा फरक कसा, हा प्रश्न हाकीमांनी सोडला नाही. त्यांचं उत्तर पदार्थविज्ञानातलं होतं. फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते, एकदा फुगला की थोड्या दाबानेही तो वाढत राहतो. तसंच एकदा पोकळी मोठी झाली की तिच्या भिंतीचं क्षेत्रफळ वाढतं, आणि तोच साधा दाब एकूण कितीतरी जास्त जोराने भिंतीवर पडतो. आज या स्पष्टीकरणात बरीच भर पडली आहे, काही बाजू वादातही आहेत, पण रोग खरा ठरला. १९६४ मध्ये त्यांनी बोगोटात प्रबंध लिहिला. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या रेमंड अॅडम्स आणि इतर सहकाऱ्यांबरोबरचा निबंध तिथल्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला, आणि म्हातारपणाच्या बुद्धिभ्रंशातला एक प्रकार शस्त्रक्रियेने सुधारतो हे जगाला कळलं. २०११ मध्ये हाकीम गेले. त्यानंतर काही वर्षांनी माझे वडील त्या रुग्णालयात स्ट्रेचरवर होते.

"आधी खात्री करू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या वरिष्ठांनी दादांना स्वतः तपासलं, एम.आर.आय. झाला, आणि मग ठरलं की कमरेतून पाणी काढून बघायचं. तीस ते पन्नास मिलिलिटर काढायचं आणि आधीची व नंतरची चाल ताडून पाहायची. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये ही तपासणी रूढ केली. तिला ना मोठं यंत्र लागतं ना मोठा खर्च. वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी चिकटपट्टीचे दोन तुकडे फरशीवर लावले, मध्ये दहा मीटर. मोबाइलवर वेळ लावली. पावलं मोजायला वॉर्डातल्या मावशींना उभं केलं.

सकाळी दादा चालले. बघवत नव्हतं. मध्ये दोनदा पाय थिजले. मावशींनी पावलांचा आकडा सांगितला तो ऐकून आई दुसरीकडे बघायला लागली.

कमरेतून पाणी काढलं. ते काचेच्या नळीत धरलं तर बिसलेरीच्या पाण्यासारखं नितळ दिसत होतं. दादा दुपारभर आडवे होते. संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आल्या. त्यांची ड्यूटी संपली होती, हे मला नंतर सिस्टरकडून कळलं.

दादा उठले. पहिल्या पट्टीवर उभे राहिले. आणि चालले. पूर्वीसारखे नाही, पण पाय उचलून चालले. पावलं निम्म्यावर आली होती. वळताना थांबले नाहीत. पलीकडच्या पट्टीवर पोचून त्यांनी मागे वळून फरशीकडे पाहिलं, अंतर नजरेने तोललं, आणि डॉक्टरांना विचारलं,

"किती धरलंय हे?"

"दहा मीटर, काका."

"म्हणजे एक साखळी," दादा म्हणाले. "बोटभर कमी असेल."

तेहतीस फुटांची साखळी म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. मी नंतर गुणाकार करून पाहिला. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नव्हता. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काही विचारलं नव्हतं, कुठलं अंतर तोललं नव्हतं. डॉक्टरांना साखळीचा संदर्भ कळला नाही. मी तो सांगितला. त्यांनी तो केसपेपरवर लिहून घेतला, चालीच्या आकड्यांखाली, इंग्रजीत, एका ओळीत. त्या ओळीसाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. माझे वडील कोण होते हे त्या कागदावर पहिल्यांदा आलं.

शस्त्रक्रियेत डोक्याच्या कवटीला एक लहान छिद्र पाडतात, पोकळीत बारीक नळी सोडतात, ती कातडीखालून कानामागून, मानेवरून, छातीवरून पोटात नेतात. जादा पाणी पोटात उतरतं आणि तिथे शोषलं जातं. मध्ये एक झडप असते, दाब ठराविक मर्यादेपुढे गेला तरच उघडणारी, उलट वाहू न देणारी. या सगळ्या जोडणीला शंट म्हणतात, आणि सगळी करामत त्या झडपेत आहे.

ती झडप आधी जमत नव्हती. नळ्या तुंबायच्या, उलट वाहायच्या. १९५५ मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या कुलूप-कारखान्यातल्या तंत्रज्ञाला मुलगा झाला, केसी. जन्मतःच पाठीचा कणा उघडा आणि पुढे डोक्यात पाणी. डॉ. यूजीन स्पिट्झ त्याच्यावर उपचार करत होते. होल्टरांना वैद्यक येत नव्हतं, झडपा येत होत्या. त्यांनी घरी बसून काही आठवड्यांत चीर असलेली सिलिकोनची झडप तयार केली. १९५६ मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली ती दुसऱ्याच एका मुलाला, कारण केसीची प्रकृती त्या वेळी शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नव्हती. केसी पाच वर्षांचा होऊन गेला. होल्टरांनी पुढे झडपा बनवण्यालाच वाहून घेतलं. पाणी झालेली लाखो मुलं त्यातून जगली, आणि हाकीमांना आपल्या म्हाताऱ्या रुग्णांसाठी जी वाट हवी होती ती तयार सापडली. एका बापाने आपल्या मुलासाठी केलेल्या धडपडीने माझ्या बापाला चालवलं, हे मला कुणी पटवून द्यावं लागत नाही.

परदेशी झडपांची किंमत ऐकून मी सुन्न झालो होतो. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडप तर आवाक्यातच नव्हती. वरिष्ठ सर्जन म्हणाले, "छाब्रा शंट घालू. आम्ही तोच घालतो." लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाब्रा यांच्या नावाचा हा शंट उत्तर प्रदेशात शाहजहाँपूरला बनतो. स्वस्त म्हणजे कमअस्सल, ही धास्ती माझ्याही मनात होती. ती सरांनी काढली. युगांडात अमेरिकी सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी मुलांमध्ये छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट समोरासमोर ठेवून पाहिले होते. २००५ मध्ये निष्कर्ष छापला. वर्षभरानंतर दोन्हींत फरक आढळला नाही. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत, आफ्रिकेतल्या मिशन रुग्णालयांत किती घरं या एका नळीवर उभी आहेत! हाकीमांचं नाव निदान वैद्यकाच्या पुस्तकात आहे. छाब्रांचं नाव रुग्णालयाच्या आणि आमच्या घराच्या बाहेर मी आजवर कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सगळंच सुधारलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. चाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त सुधारली. या आजारात बहुधा असंच होतं. लघवी बऱ्याच अंशी ताब्यात आली, पहाटेचं धुणं थांबलं. बोलण्यातला उशीर कमी झाला, पण नवीन नावं शेवटपर्यंत लक्षात राहायची नाहीत. मध्ये एकदा सतत डोकं दुखू लागलं तेव्हा पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जातंय का, मेंदूवर रक्त साकळतंय का, या काळजीने आम्ही धावलो. सीटी स्वच्छ निघाला. नळीत जंतुसंसर्ग होऊ शकतो, ती तुंबू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कानामागचा उंचवटा आई रोज बोटाने चाचपून बघायची.

आणि ज्यांना हा आजार असतो ते सगळेच शंटने उठून चालत नाहीत. शंटचा गुण खरा की मनाचा, यावर दशकानुदशकं वाद होता. २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीने त्यावर उत्तर दिलं. सगळ्या रुग्णांना शंट बसवला, पण निम्म्यांची झडप बाहेरून जवळजवळ बंद ठेवली, आणि कुणाची उघडी हे रुग्णालाही कळू दिलं नाही. तीन महिन्यांनी उघड्या झडपेच्या गटाची चाल वेगवान झाली होती, बंद झडपेच्या गटाची जवळपास तशीच राहिली होती. ही बातमी वाचली तेव्हा दादा नव्हते. मी ती आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यात काय, आपण बघितलंच की."

शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षी डॉक्टरांनी एक विनंती केली. एम.बी.बी.एस.च्या मुलांना चाल दाखवायची आहे, काका येतील का? दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलांनी आधी त्यांचा शस्त्रक्रियेपूर्वीचा व्हिडिओ पाहिला, मग दादा त्यांच्यासमोर चालले. एका मुलाने विचारलं, आधी काय वाटायचं? दादा म्हणाले, "पाय माझे होते, पण माझं ऐकत नव्हते. आणि विचारत कुणी नव्हतं, म्हणून सांगत नव्हतो." डॉक्टर मुलांना म्हणाल्या, "रुग्ण आत येताना बघा. खुर्चीत बसला की अर्धी तपासणी निसटली." त्या दिवशी त्यांनी वर्गात जी तीन लक्षणं फळ्यावर लिहिली, त्यात लघवीच्या शेजारी कंसात लिहिलं, 'घरच्या बाईला विचारा'. ते माझ्या आईमुळे होतं.

मी पेढे घेऊन गेलो होतो ते त्यांनी वॉर्डात वाटले. दुसरं काही घ्यायला तयार नव्हत्या. शिक्षण पूर्ण करून त्या मराठवाड्यात परत गेल्या, तिकडेच काम करतात.

दादा गेले ते हृदयविकाराने, गावच्या घरी. मी डॉक्टरांना मेसेज पाठवला. संध्याकाळी फोन आला. सांत्वनाचे शब्द थोडेच बोलल्या, मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, "एक विचारू? चाल शेवटपर्यंत टिकली का? माझ्याकडे त्यांची नोंद आहे, ती अर्धी राहील."

मी सांगितलं. पाचव्या वर्षापर्यंत काठीशिवाय मळ्यात जायचे. नंतर काठी आली. शेवटच्या पावसाळ्यात गुडघ्यांमुळे वॉकर घ्यावा लागला, पण पाय थिजला असं पुन्हा कधी झालं नाही. लघवीला रात्री एकदा उठायचे, स्वतः जाऊन यायचे. माणसं ओळखायचे, नावं चुकायची. शेजारच्या दोन भावांचा बांधाचा तंटा त्यांनी जायच्या आधल्या उन्हाळ्यात मिटवला, जुनं टिपण वाचून, जागेवर उभं राहून. फोनवर पलीकडून लिहिण्याचा आवाज येत होता. मध्येच त्यांनी विचारलं, "वॉकर कोणत्या महिन्यात?" मी म्हणालो, "ऑगस्ट."